चारच्या एसटीचं इंद्रधनुष्य

एका गावात एक शेतकरी होता. जमीन दोनच एकर, पण मिशी पाहिली तर पाहुण्याला वाटावं, हा वीस एकरांचा बागायतदार. त्याच्या विहिरीत उन्हाळ्यात रात्रभरात जेमतेम दोन तासांचं पाणी साठायचं. तेवढ्याच्या भरवशावर त्यानं उन्हाळी भुईमूग पेरला आणि पाणी द्यायला फवाऱ्यांचा संच आणला.

फवारे आले आणि गड्याच्या अंगात वारं शिरलं. वीज पहाटेपासून असायची, पण हा मोटर चालू करायचा दुपारी चारला. कारण शेताच्या पश्चिमेला सडक होती आणि चारची एसटी तिथून जायची. कलत्या उन्हात फवाऱ्यांवर इंद्रधनुष्य उमटायचं. एसटीतली पोरं खिडकीतून हात काढायची, म्हातारे माना वळवायचे आणि हा बांधावर उभा राहून मिशीला पीळ द्यायचा. इंद्रदेवसुद्धा इतका ऐटीत उभा राहत नसेल.

आणखी एक खोड होती. पाइप उचलून पुढच्या जागी मांडायचा त्याला भारी कंटाळा. जिथं चार जागी मांडायचे, तिथं तो दोनच जागी मांडायचा. म्हणायचा, "फवारा लांब उडतो की, पोचेल."

भुईमूग फुलला. आता फुलांतून निघालेल्या आऱ्या, म्हणजे टोकाला शेंग धरणारे देठ, जमिनीत शिरायच्या बेतात आल्या. या वेळी माती ओली नसली तर आरी आत जात नाही आणि आरी आत गेली नाही तर शेंग धरत नाही. नेमका तेव्हाच शेताच्या मधोमध पट्टाच्या पट्टा माना टाकून बसला.

शेतकऱ्यानं लगेच निदान केलं. वैद्यालासुद्धा नाडी धरायला वेळ लागतो, याला तेवढाही लागला नाही.

"मोटर लहान पडतेय," तो बायकोला म्हणाला. "म्हैस विकू आणि मोठी आणू. व्यापाऱ्याला उद्या सकाळी बोलावलंय."

बायको म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचा हात थांबला. दूधदुभत्यावर घर चालायचं आणि ही म्हैस तिनं पारडी असल्यापासून वाढवली होती.

"अहो, मोठी मोटर आणली म्हणून विहिरीत पाणी जास्त येणार आहे का?" ती म्हणाली. "दोन तासांत उपसायचं ते एका तासात उपसाल."

"तुला त्यातलं काय कळतं?"

तेवढ्यात पूर्वेकडची शेजारीण तणतणत आली. पदरात लिबलिबीत झालेल्या कुरडया.

"भावजी, काल तिसरा दिवस झाला. बाजेवर कुरडया वाळत घालते आणि चार वाजले की तुमचं पाणी वाऱ्यावर बसून माझ्या अंगणात येतंय. भुईमूग तुम्ही लावलाय की मी?"

शेतकरी मिशीआड हसला. बायको मात्र हसली नाही. तिनं शेजारणीला आत नेलं, चहा पाजला आणि तिच्याकडून आमटीच्या वीस वाट्या मागून आणल्या.

"अहो, व्यापारी यायच्या आत एक करा," ती नवऱ्याला म्हणाली. "आज तुमच्या पद्धतीनं पाणी सोडा. उद्या पहाटे माझ्या पद्धतीनं. मधे या वाट्या बोलतील. तुमचं खरं निघालं तर म्हशीचं दावं मी माझ्या हातानं सोडीन."

भुईमुगात तिनं सारख्या अंतरावर वाट्या मांडल्या. एक वाटी मुद्दाम शेजारणीच्या बाजेवर ठेवली. लोक म्हणाले, बाई रानात पंगत वाढतेय की काय.

चारला फवारे उडाले. एसटी गेली, पोरांनी हात हलवले, सगळं थाटात झालं. विहीर आटल्यावर दोघं वाट्या पाहत निघाले. फवाऱ्याजवळच्या वाट्या काठोकाठ. मधल्या पट्ट्यातल्या वाट्यांचा नुसता तळ ओला. सडकेकडच्या दोन ठणठणीत कोरड्या. आणि शेजारणीच्या बाजेवरची वाटी अर्धी भरलेली.

शेतकरी त्या वाटीकडे बघत राहिला. बायकोनं ती उचलून त्याच्या हातात दिली, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडलेला होता. बायकोनं वाट्या रिकाम्या करून पुन्हा होत्या तिथंच ठेवल्या. दोघांनी पाइप जवळ जवळ मांडले, असे की एका फवाऱ्याचं पाणी दुसऱ्याच्या पायाशी पोचावं. अर्धा तास झाला की मोटर बंद, पाइप उचला, पुढच्या जागी मांडा. चार जागा झाल्या. शेतकऱ्याची कंबर धरली, मिशी घामानं खाली उतरली. इंद्रधनुष्य नाही आणि बघायला कुत्रंही नाही. पण विहीर आटली तेव्हा सगळ्या वाट्यांत पाणी जवळपास सारखंच होतं. बाजेवरची वाटी कोरडी.

मधल्या पट्ट्यात त्यानं बोट खुपसलं. बोट पेरभर गार मातीत गेलं.

व्यापारी दारात उभाच होता.

"पाटील, सोडू का म्हैस?"

"नको. माघारी जा."

"अहो, काल तर घाई होती तुम्हाला."

"काल मला मोठी मोटर पाहिजे होती."

"आणि आज?"

"आज बायकोची अक्कल पुरली."

व्यापारी दावं टाकून म्हणाला, "अशा बायका घरोघरी निघाल्या तर मी कुणाची जनावरं विकू?" आणि चालता झाला.

शेतकऱ्यानं म्हशीपुढं पेंढी टाकली. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही, खायला लागली. ती विकली जाणार होती हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

काढणीला मधल्या पट्ट्यातलं झाड उपटलं तर शेंगांचा घोस, फवाऱ्याजवळच्या झाडाइतकाच भरगच्च. विहीर तीच, मोटर तीच, आणि पहिल्यांदाच दोन एकरांचा भुईमूग खरोखर दोन एकरांचा भरला. ती पोती पाहून बायको आधी गोठ्यात गेली आणि म्हशीच्या गळ्यात पडून पोटभर हसली.

तात्पर्य: पाणी किती उंच उडालं ते सडकेवरच्यांना कळतं, किती कामी आलं ते मुळांनाच विचारावं लागतं.