खेकड्यासमोरचं पान

फार मागची गोष्ट. तेव्हा ओढ्याकाठचे प्राणी आपल्यातला एक जण डोंगरावरच्या सभेत पाठवत. रीत साधी होती. ज्याला निवडायचं, त्याच्यासमोर प्रत्येकाने स्वतः येऊन पान ठेवायचं.

त्या साली रानडुकरांना ओढा आपल्या दरीत वळवून हवा होता. कोल्हा त्यांच्या बाजूने उभा राहिला, म्हणून त्याच्याविरुद्ध म्हातारा खेकडा उभा राहिला आणि पान मागत बिळाबिळाशी गेला.

"अहो खेकडेबुवा, एवढी तंगडतोड कशाला?" घोरपड हसली. "अख्खा ओढा तुमचाच. तुम्ही आलातच निवडून!"

"तू तेवढी ये म्हणजे झालं, बाई," खेकडा म्हणाला.

निवडीच्या दिवशी ऊन छान पडलं. बाकीचे जातीलच, असं म्हणून जो तो कातळावर पडून राहिला. कोल्ह्याच्या भावकीने मात्र पानं आणली. खेकड्यासमोर त्याचं स्वतःचंच एक पान होतं.

सभेत कोल्ह्याने मान डोलावली आणि ओढा वळला.

उन्हाळ्यात घोरपड कुठूनसं एक हिरवं पान शोधून खेकड्याच्या बिळाशी आली. "बुवा, आणलंय हो," ती म्हणाली. तडकलेल्या चिखलात त्याचं रिकामं कवच पडलं होतं. तिने पान त्याच्यासमोर ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून पंजाने दाबून बसून राहिली.