थोरल्या गमबुटातलं पाणी

डोंगरवाडीचा रस्ता अजून मातीचा होता, तेव्हाची गोष्ट. भिवा टपालवाला पावसात सायकलवरून टपाल वाटायचा. पाय कोरडे राहावेत म्हणून त्याने गमबूट घेतले आणि पँट त्यांत खोचली. मग पँटवरून ओघळलेलं पाणी बुटांतच साचू लागलं.

धाकटा बूट म्हणाला, "दादा, मी भरलोय रे. भिवाच्या पायाला चिखल्या होतील. सांगू या त्याला."

"गप! आपण गमबूट आहोत. आपल्यात पाणी आहे हे कुणाला कळता कामा नये. तू काय चप्पल आहेस गळायला?"

धाकट्याला राहवलं नाही. तो मुद्दाम डचमळला. भिवाने सायकल थांबवून त्याला उपडा केला, तसं ओंजळभर पाणी पडलं.

"तुझं काय रे?" म्हणत त्याने थोरल्याला हलवलं. थोरल्याने भिवाचा पाय घट्ट आवळून धरला आणि पाणी डचमळू दिलं नाही. हा कोरडाच दिसतोय, असं म्हणून भिवा पुढे निघाला.

घरी पोचेपर्यंत थोरल्यातला पाय सुजला. बूट काही केल्या निघेना. शेवटी बायकोने तो बूट सुरीने कापला.

"अगं बाई, एवढं पाणी होतं याच्यात!"

धाकटा ओसरीवर एकटाच उभा होता. तो म्हणाला, "दादा, वाटेत सांडलं असतंस तर मी हसलो नसतो रे."