ठकूबाईचा हयातीचा दाखला

बोरखळी गावात गेणबा नावाचा एक भोळा गडी होता. कुणी काही शिकवलं, की तो उपरण्याला गाठ मारायचा. गाठ मारली की विसरायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

त्याच्या आईचं, ठकूबाईचं, औषधपाणी निराधाराच्या पगारावर चाले. पगार चालू राहायचा, तर ती जिवंत असल्याचा दाखला हवा. गाव म्हणालं, "तालुक्याला जा. ऑनलाइनचा काय भरवसा?" पण गावातल्या ई-सेवा केंद्रावरची रेश्माताई म्हणाली, "मामा, रांगा कशाला लावता? घरबसल्या काम होतं."

गेणबानं गाठ मारली. चार दिवस घरात बसून राहिला. काम काही झालं नाही.

"अहो, अर्ज नको का करायला?" ताई म्हणाली. "आजींना घेऊन या. अन् मोबाईलवर नंबर येईल, तो कुणाला सांगायचा नाही."

दुसरी गाठ. मायलेक केंद्रावर गेले. नंबर आला. ताईनं विचारला. गेणबा तोंडावर हात ठेवून बसला.

"मामा, सांगा की!"

"कुणाला म्हणजे कुणाला न्हाई."

"अहो, सरकारी कामाला विचारला, की लगेच सांगायचा!"

तिसरी गाठ. मग फोटो. ठकूबाई गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगत डुलत होती. फोटो पुसट आला.

"आजी, मोबाईलसमोर हलायचं नाही, बोलायचं नाही, डोळे एका जागी!"

चौथी गाठ मारली, तेवढ्यात वीज गेली. ताई म्हणाली, "राहू द्या. उद्या तलाठी भाऊसाहेब मोबाईल घेऊन घरीच येतील. आजींना बघून नोंद करतील."

सकाळीच गेणबानं आईला भिंतीला टेकवून ठेवलं. चौथी गाठ दाखवली. म्हातारी पुतळा झाली.

भाऊसाहेब आले. "आजी? ओ आजी!"

आजी गप्प.

"कधीपासून अशी?"

"सकाळपासनं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"डॉक्टर कशाला? आता तुमचंच तेवढं काम ऱ्हायलंय."

भाऊसाहेबांनी टोपी काढली. जड हातानं मोबाईल दाबला. "नंबर आला असेल, सांग बाबा."

गेणबानं लगेच सांगितला. नोंद झाली.

"आये, बोल आता! काम झालं, घरबसल्या!"

"झालं का रं बाबा?" ठकूबाईनं श्वास सोडला.

भाऊसाहेब उंबऱ्यातच बसले. म्हणाले, "झालं, आजी. मरणाची नोंद झाली. आता परत जिवंत व्हायला तालुक्याला रांग लावा. ते ऑनलाइन होत नाही."

गेणबाचं तिकडं लक्षच नव्हतं. हातातला मोबाईल विचारत होता, सेवा कशी वाटली? त्यानं पाचही चांदण्या दाबल्या. इतकं झटपट सरकारी काम त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.