चरबीआडचे दुखणे

पूर्वी सुवेण नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरपायथ्याच्या एका कळपात एडक्याच्या जन्मास आले होते. कळप कुसुंभी नावाच्या विधवा मेंढपाळणीचा. तिला मूलबाळ नव्हते. होती नव्हती ती सारी माया शेळ्यामेंढ्यांवर. रोज दुपारी ती त्यांना खाऱ्या तळ्यावर नेई, कारण तिथले पाणी त्यांना फार आवडे. दुसऱ्या पाण्याकडे त्या ढुंकूनही पाहत नसत.

त्या वर्षी कळपाला दृष्ट लागल्यासारखे झाले. धडधाकट जनावर चारा सोडी, पाठ वाकवून उभे राही, त्याची लघवी तुंबे आणि चार दिवसांत ते मरून जाई. देवी कोपली असे समजून कुसुंभी दर अमावस्येला एक जनावर कापवू लागली. त्याचे गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडे, हा देवीचा वाटा. ते चरबीसकट अग्नीत टाकायचे, चरबी सोलायची नाही, अशी तिथली रीत. त्यामुळे आतले गुर्दे कधी कुणी पाहिलेच नव्हते.

एडका तिला म्हणाला, “आई, हा कोप नाही. ते पाणी बाधतंय. माझीही कंबर धरली आहे.”

“वेडा रे वेडा!” त्याच्या मानेवरून हात फिरवीत ती म्हणाली. “पाणी वाईट असतं तर तुम्ही त्यावर असे तुटून पडला असता का?”



पुढच्या अमावस्येला तिने एक काळे कोकरू निवडले. एडका आडवा आला. “त्याला सोड. मी तसाही चार दिवसांचाच सोबती आहे.” कुसुंभीने पुष्कळ विनवले, पण तो हटेना. शेवटी ती डोळ्यांना पदर लावून झाडाआड जाऊन बसली.

एडका दब्बिल खाटकाला म्हणाला, “दादा, माझे गुर्दे सोलून तिला दाखव.”

“देवीचा वाटा उघडू? हात झडतील माझे!”

“दोष माझ्या माथी. आणि तिला एक निरोप दे.”

एडक्याला कापल्यावर दब्बिलाने कुसुंभीला बोलावले आणि भीतभीत चरबी सोलली. गुर्दे पांढरेफटक, आक्रसलेले होते. चिरले तर आत खडे, खाऱ्या तळ्याच्या काठी साचतात तसलेच. कुसुंभीने ते ओळखले आणि ऊर बडवून घेतला. “म्हणजे मीच मारलं रे त्यांना! या हातांनी रोज पाण्यावर नेलं!”

“अक्का,” दब्बिल म्हणाला, “तू असंच म्हणशील हे त्याला ठाऊक होतं. त्याचा निरोप आहे, तू नेलंस ते मायेनं, आम्ही प्यालो ते आवडीनं. मनात राग नाही. उरलेल्यांना आजच वरच्या झऱ्यावर ने.”

कुसुंभी उठली. मेंढ्या तळ्याकडे ओढ घेत होत्या. त्यांना दरडावत, चुचकारत ती डोंगर चढली. त्यानंतर त्या दुखण्याने एकही जनावर दगावले नाही, आणि देवीपुढे पुन्हा सुरी निघाली नाही.

विहारात ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा दब्बिल म्हणजे आज दाराशी बसलेला हा नवा भिक्षू. काल आजाऱ्याला चुकून भलताच काढा दिला म्हणून जी त्या खांबाआड रडते आहे, ती आपली वृद्ध भिक्षुणी तेव्हा कुसुंभी होती. एडका मी होतो. तिचा राग मला तेव्हाही आला नव्हता. याला मैत्री, म्हणजे राग न धरणारी माया, म्हणतात.”