ओगिन आजीचा खळगा

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. बर्फ पडल्यावरच सांगायची असते, म्हणून इतके दिवस गप्प होते.

उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या तळ्याकाठी, तिथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांच्या एका गावात ओगिन आजी राहायची. झाडपाल्याची जाणकार. तिने कपाळावर हात ठेवला की ताप उतरायचा, असं म्हणतात.

मग सरकारची माणसं आली आणि पोरांना दूरच्या शाळेत घेऊन गेली. तिथे त्यांचे केस कापले. घरची बोली तोंडातून निघाली की फटके. हे मात्र नुसतं 'असं म्हणतात' नाही हं, हे झालं. शिक्षण म्हणे!

आजीची नात वासेया चार वर्षांनी परतली, ती पायात जड बूट घालून आणि मुकी होऊन. हाक मारली तरी दचकायची. सोबत शाळेची चिठ्ठी होती: मुलगी मंद आहे. मंद? ही पोर पाचव्या वर्षी तळ्यावरचा प्रत्येक पक्षी आवाजावरून ओळखायची!

आजीने मुळ्या उकळल्या, धुरी दिली. महिना गेला, पोर बोलेना. तेव्हा आजीचा भाऊ मक्वा चिडून म्हणाला, "अक्का, ती काय तुझ्या एकटीची आहे?"

आजी वरमली. तळ्यातला रानभात नुकताच भाजून झाला होता. तो खळग्यात ओतून, मऊ कातडी जोडे घालून पायांनी मळतात, म्हणजे तूस सुटतं. हे काम हलक्या पायांच्या पोरांचं. आजीने वासेयाचे बूट उतरवले, जोडे घातले आणि तिला खळग्यात उभं केलं. भोवती सगळं गणगोत बसलं.

"मी तुझी मावशी. माझ्या पाठीवर बसून तू पहिल्यांदा तळं पाहिलंस."

"मी तुझा मामा. तुझं नाव ठेवलं तेव्हा मी होतो."

वासेया भात मळत राहिली, माणसं सांगत राहिली. ऊन उतरलं तेव्हा ती थांबली आणि घरच्या बोलीत म्हणाली, "आजी, पाय दुखले."

त्या क्षणी दक्षिणेला गेलेले पक्षीसुद्धा तळ्यावर परतले, असं म्हणतात.

पुढे पोर बोलते हे कळल्यावर शाळेचा साहेब तिला परत न्यायला आला. आजी म्हणाली, "शिकवणार ना हिला? मग बसा. आधी हिच्या माणसांची नावं पाठ करा." तो हसत बसला, पण त्याला उठता येईना. नावं संपेपर्यंत बर्फ त्याच्या छातीला लागलं, असं म्हणतात. तो एकटाच परत गेला.

आजही त्या गावात भात मळताना भोवती बसून नाती सांगतात. खळग्याच्या काठावर लहान जोड्यांचे सात जोड मांडतात. गावातून नेलेली सात पोरं कधी परत आलीच नाहीत. त्यांनाही कुणीतरी सांगतं, "मी तुझी मावशी." मग उत्तरासाठी सगळे जरा वेळ थांबतात.