घंट्यांचा हिरडा

ती घंटी सोड आधी, दादा. वाजवायला न्हाई टांगली ती. फोटो काढ, पण लांबून.

ह्यो हिरडा आमच्या आज्याच्या आज्याच्याबी आधीचा. फांदी दिसत न्हाई एवढ्या घंट्या हायेत. पितळी, लोखंडी, काही तर गंजून पार भुगा झाल्यात. तुमच्यासारखी मानसं येत्यात आन् इचारत्यात, नवस हाय का? नवस न्हाई. राग हाय त्यो.

गोऱ्या सायबाचं राज व्हतं तवाची गोष्ट सांगत्यात. डोंगरातल्या दगडांना सायबानं चुना फासला म्हणे, आन् सांगितलं, चुन्याच्या पल्याडचं रान सरकारचं. कुनी दिलं रं तुला? आमच्या बापजाद्यांनी वाघाला हाकलून गुरं चारली तिथं! पयली चराईवर पट्टी बसली. मंग शेतात जाळायच्या पाल्यावर. मंग मधाच्या पोळ्यावर. मानसं कुरकुरली, पन भरत गेली. एका साली रोगानं नाचणी गेली, तवा सूट मागाया कचेरीत गेली. सायबानं त्यांना दिवसभर उन्हात बसवलं आन् सांजच्याला निरोप धाडला, गुरं इका आन् भरा.

मंग लोकांनी गुरं खालच्या घळीत लपवली. पन चूक झाली. गुरांच्या गळ्यात घंट्या तशाच ठेवल्या. काढनार कशा? आमच्यात गूर मेल्यावरच घंटी काढायची रीत. जित्याची काढली तर त्ये जगत न्हाई, असं मानत्यात. शिपाई कड्यावर नुसतं कान देऊन उभं ऱ्हायलं. समदा कळप सापडला.

त्यातला निम्मा हाकत नेला आन् कोंडवाड्यात घातला. ना चारा, ना पानी. गुरं हंबरून हंबरून मेली. बुधा साबळे म्हनून एक गडी व्हता, त्याची बैलजोडी ग्येली. त्यो दोन घंट्या हातात घेऊन घाट चढून आला म्हणे. वर सायबाचा सांगावा आला, उरलेली गुरंबी न्यायला येतो.

तवा ठकूबाई उठली. रांडमुंड बाई. घरात एकच गाय, चांद्री, ती बी गाभन. बाईनं चावडीसमोर आनून तिची घंटी सोडली.

"आजपासनं ही मेली," म्हनली. "मेलेल्या गुरावर पट्टी लाव म्हनावं."

बुधा म्हनला, "काकू, जित्या गुराची घंटी काढू नगंस. जगायची न्हाई ती."

"घंटी ठिवून तरी कुठं जगली रं तुझी?"

मंग बुधानंच पुढं होऊन दुसऱ्याच्या बैलाची घंटी सोडली. बघता बघता गावातलं एकबी गूर घंटीचं ऱ्हायलं न्हाई. गुरं निघाली मुकाट्यानं पल्याडच्या घळीत, आन् घंट्या आल्या ह्या हिरड्यावर. खाली बघ, वाट किती अरुंद हाय.

सकाळी धुकं व्हतं, वारा व्हता. शिपायांनी घंट्या ऐकल्या, हसत हसत वर चढाया लागलं. कळप घावला! वर कारवीच्या झुडपांत गडी दगडं घेऊन बसल्यालं. पुढचं काय सांगू? बंदुका गावानं घेतल्या, कोंडवाडा फोडला, चुन्याचे दगड उपटून दरीत लोटलं. शेजारच्या गावांनी ऐकलं आन् त्यांनीबी झाडाला घंट्या टांगल्या. समद्या डोंगरात बंड पेटलं.

मंग सायबानं पलटन आनली. बुधाला ह्याच फांदीला लटकावला, घंट्यांच्या मधी. ठकूबाईला सायबानं दरडावलं, गुरं कुठं हायेत?

"मेली समदी," बाई म्हनली. "घंट्या दिसत न्हाईत का तुला? आंधळा हायेस?"

तिला बेड्या घालून घाटाखाली नेली. ती परत आली न्हाई. कुठं मेली, कुनी जाळली, ठाव न्हाई. आन् आम्ही काय, ह्या झाडापुढं नुसतं हात जोडायचं?

चांद्री मातुर जगली. घळीत व्याली, कालवड झाली. गावातली समदी गुरं तिच्याच वंशाची, असं म्हनत्यात.

आजबी वासरू जन्मलं की आम्ही बाजारातनं नवी घंटी आनतो आन् हितं टांगतो. गुराच्या गळ्यात बांधत न्हाई. धुक्यात गाय चुकली तर नावानं हाका मारत रानभर हिंडतो, पाय सोलून निघत्यात, पन बांधत न्हाई. सरकार कुनाचंबी असू दे.

खाली उतरशील तवा गोठ्यापाशी उभा ऱ्हा जरा. कान दे. काय वाजनार न्हाई. आमची गुरं जिती हायेत.