काहीच सापडलं नाही

"आणि सापडलं काय?" केदारबुवांनी विचारलं.

"काहीच नाही, बुवा! तेच तर सांगतोय!"

हरिश्चंद्र वैतींचा आवाज मठाच्या ओसरीभर घुमला. खाडीपलीकडच्या बंदरात कामगारांची ने-आण करणाऱ्या लाँची त्यांच्या. धक्क्यावर 'सुरक्षा सर्वप्रथम' अशी हातभर उंचीची अक्षरं त्यांनी स्वखर्चाने रंगवून घेतली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आज त्याच धक्क्यावर नव्या लाँचीची पूजा होती. बुवांना न्यायला ते जुन्या लाँचीतून जातीने बेटावर आले होते. पण तोंड उघडलं ते कालच्या रागाने.

"भर खाडीत त्या जोमा खलाशाने लाँच थांबवायला लावली. म्हणे इंजिनाखालून जळका वास येतोय. लाँचभर माणसं खोळंबली. फळ्या उचलल्या, पाइप तपासले..."

"आणि काही नव्हतं."

"काही म्हणजे काही नव्हतं! कंपनीच्या साहेबांपुढे माझी शोभा झाली."

बुवांनी डोळे मिटले, हात जोडले. ओठ हलले.

"काय झालं, बुवा?"

"आभार मानतोय. काल तूही मानले असशील."

काल वैतींनी आभारबिभार काही मानले नव्हते. काल त्यांनी धक्क्यावर, सगळ्या कामगारांदेखत, जोमाची बिनपाण्याने केली होती.

"असा झापलाय त्याला," ते म्हणाले, "की पुन्हा तोंड उघडायची छाती होणार नाही."

बुवा निघायच्या तयारीत होते. झोळी खांद्याला होती, काठी हातात होती. हे ऐकलं आणि त्यांनी काठी भिंतीला टेकवली, झोळी खुंटीला अडकवली आणि ते घोंगडीवर परत बसले.

"बुवा, चला ना. मुहूर्त टळेल."

"मी नाही येत."

"अहो, पण का? माझं काही चुकलं का?"

"लाँचीवर खलाशी कोण आहे?"

"जोमाच आहे."

"तो तोंड उघडणार नाही म्हणालास ना?... मला पोहता येत नाही रे, हरिश्चंद्रा."

वैती उभेच राहिले. हसावं की रागवावं, त्यांना कळेना. मग कालची माणसं एकेक करून डोळ्यांपुढे यायला लागली. मांडीवर डबे घेऊन बसलेली. संध्याकाळी ती सगळी घरी पोचली होती, जेवली होती, पोराबाळांवर खेकसलीही असतील. जोमा खरा ठरला असता तर...?

वैती तसेच पायऱ्या उतरून लाँचीपाशी गेले.

जोमा दोर धरून उभा होता. शेटला बघून त्याने मान खाली घातली.

"जोमा, काल मी चुकलो. चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांतच सांगतो. तू लाँच थांबवलीस हे तुझे उपकार आहेत."

लाँच चालवणारा तांडेल आणि पूजेला निघालेले आतले कामगार बघतच राहिले. दोराची सुटलेली गाठ जोमा पुन्हा सोडवत बसला.

वर ओसरीवर बुवांनी खुंटीवरची झोळी काढली.

जोमाने त्यांच्या कफनीवर लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे आवळले, आणि लाँच निघाली. पलीकडच्या धक्क्यावर बँड सुरू झाला. साहेबमंडळी खुर्च्यांवर येऊन बसलेली इथूनही दिसत होती.

निम्म्या वाटेवर वैतींचं लक्ष गेलं. जोमा इंजिनाकडे वाकला, सरळ झाला, त्याने तोंड उघडलं... आणि मिटलं.

"जोमा, बोल."

"नाय शेट... काय नसंल."

"बोल म्हणतोय ना."

"ठोका बदलल्यासारखा वाटतोय. मला तरी..."

वैतींनी धक्क्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"तांडेल, इंजिन बंद."

आणि पूजेसाठी घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी ते स्वतःच गुडघ्यांवर बसले. फळ्या उचलल्या. तांडेलाने बॅटरी धरली. तिघांनी मिळून पाइप चाचपले, पट्टे पाहिले, इंजिन सुरू करून कान लावला, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. लाँच पाण्यावर नुसती डुलत राहिली. पलीकडचा बँड वाजून वाजून थांबला.

वैती उठले. हात काळे, कपडे काळे.

"काहीच नाही," ते म्हणाले. "काहीच नाही रे, जोमा!" तेलाने माखलेले हात त्यांनी तसेच जोडले.

बुवांनी झोळी उशाला घेतली आणि ते बाकावर आडवे झाले.

"पोचलो की उठवा."